प्लास्टिकचा फुटबॉल

आई सहाव्या पायरीवर बसल्या. म्हणजे स्वतःहून बसल्या नाहीत, पाण्यानं बसवल्या. अर्धी बादली खारं पाणी माझ्या सासूबाईंच्या अंगावरून गेलं आणि रिकामी बादली धडधडत खाली येऊन माझ्या पायाशी थांबली. वर नवव्या पायरीवर माझे सासरे, अण्णा, बादलीची नुसती कडी हातात धरून उभे होते.

"लागलं का गं?" त्यांनी विचारलं.

"मला काय धाड भरलीय! तुमचे टाके बघा आधी. टाके!"

दोन महिन्यांपूर्वी अण्णांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं होतं. वजन उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. आई देवाला गेल्या की अण्णा चोरून अर्धी बादली वर नेत, हे मला ठाऊक होतं. त्या शुक्रवारी आईंचा देव लवकर आटपला, एवढंच.

आईंनी तिथंच, ओल्या लुगड्यानिशी, निकाल दिला. "बास झालं. कोल्हापूरचा तो मासेवाला परवा येऊन समदं घेऊन जाऊ दे. आता ह्या जिन्यावर खारं पाणी चढलेलं मला दिसता कामा नये."

 अण्णांनी ती कडी हळूच पायरीवर ठेवली. 

गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. लग्न होऊन मी सांगलीत आले त्याला सात महिने झाले होते. अण्णा भूगोलाचे मास्तर. एकतीस वर्षं त्यांनी निळ्या खडूनं फळ्यावर समुद्र काढला आणि खरा समुद्र पाहिला तो शाळेच्या सहलीपुरता, तोही पोरं मोजता मोजता. निवृत्त झाल्यावर त्यांनी वरच्या खोलीत साडेतीन फुटी काचेचा समुद्रच आणून ठेवला. त्यात नारिंगी अंगावर पांढऱ्या पट्ट्यांची विदूषक माशांची जोडी, एक तांबड्या पाठीचा झिंगा आणि दगडाला धरून डुलणारं एक समुद्रफूल. जोडीतली मादी मोठी, नर तिच्या निम्मा. "ह्यांच्यात सगळा कारभार बाईचा," अण्णा मला म्हणाले होते, "आपल्यासारखंच." म्हणून मादीचं नाव बाईसाहेब.

हा समुद्र दर रविवारी थोडा बदलावा लागे. जुनं पाणी नळी लावली की खिडकीतून आपोआप गटारीत जाई. खाली उतरायला पाण्याला कुणी शिकवावं लागत नाही. नवं मात्र खाली परसात तयार व्हायचं. धुण्याच्या कट्ट्यावर आईंचा निळा ड्रम होता, त्यात गाळलेलं पाणी आणि पुण्याहून आणलेलं समुद्री मीठ कालवायचं आणि बादल्या बादल्यांनी वर चढवायचं. अण्णांच्या ऑपरेशननंतर हे काम माझ्या नवऱ्याकडं, रणजितकडं, आलं होतं. मागच्या रविवारी त्याच्या कंबरेत उसण भरली. मी बादलीला हात लावला की अण्णा म्हणत, "सुनेला पाणक्या करायला आणली नाही."

संध्याकाळी रणजित कामावरून आला आणि सगळं ऐकून म्हणाला, "एवढंच ना? पंप लावू." त्यानं घरातल्या कूलरचा चिमुकला पंप काढला, ड्रमात सोडला, पारदर्शक नळी जोडून ती वरच्या खिडकीपर्यंत नेली. कूलरच्या पंपाला पाणी वर न्यायला सांगणं म्हणजे शेळीला नांगराला जुंपणं. पण मी गप्प उभी राहिले.

बटण दाबलं. पाणी नळीतून ऐटीत निघालं, कंबरेपर्यंत आलं, स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजाशी आलं आणि तिथंच थांबलं. पंप घरघरतोय, पाणी जागचं हलत नाही.

"वाकलीय का कुठं नळी?" रणजित म्हणाला.

"हेड पुरत नाही," मी बोलून गेले.

तिघंही माझ्याकडं बघायला लागले.

"कुणाचं डोकं पुरत नाही?" आईंनी विचारलं.

"माझं," मी म्हणाले. "माझं डोकं पुरत नाही ह्यात, म्हटलं." आणि चहा ठेवायला आत पळाले.

हेड म्हणजे पंप पाणी जेवढं उंच चढवू शकतो ती उंची. आता मी का पळाले ते सांगते. माझे वडील, तात्या, पलूसच्या पुढं आमच्या गावात मोटारी दुरुस्त करतात. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या. मी सातवीत असल्यापासून त्यांच्या हाताखाली होते. तार भरायची, बेअरिंग ठोकायची, आवाज ऐकून रोग ओळखायचा. पंचक्रोशीतले शेतकरी "पोरीला दाखवा मोटार" म्हणायचे. पण स्थळ मास्तरांच्या घरचं आल्यावर माझ्या आत्यानं तंबी दिली होती. "शिवणकाम येतं म्हणायचं. मोटारीचं एक अक्षर काढायचं न्हाई. तसल्या पोरी घरात टिकत न्हाईत म्हनतील." मी शिवणकाम येतं म्हणाले. मला बटणसुद्धा धड लावता येत नाही.

आणि दैव असं मस्करीखोर की ह्या घराच्या पाण्याच्या टाकीची मोटार आजारी. रोज सकाळी सहाला ती सुरू व्हायची आणि खडखड, खडखड करत पाऊण तास माझा जीव खायची. तिला काय झालंय हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. सात महिने मी कानावर पदर ओढून पोळ्या लाटत होते.

शनिवारी सकाळी अण्णा वरच्या खोलीत काच पुसत होते. बाईसाहेब त्यांच्या बोटामागं काचेच्या आतून इकडून तिकडं फिरत होती. "कोल्हापूरच्या माणसाला सांगायला पाहिजे," ते तिला म्हणाले, "की तू आधी खातेस, मग नवऱ्याला देतेस." मला तिथं उभं राहवलं नाही. मी गच्चीवर जाऊन तात्यांना फोन लावला.

"बारा फूट चढ हाय," मी सांगितलं. "खारं पाणी. आणि तांबं, पितळ, कायबी लागता कामा नये पाण्याला. तांब्याचा अंश जरी गेला तरी झिंगा आणि फूल मरतंय."

तात्या म्हणाले, "माज्याकडं ॲसिड ओडायचा प्लास्टिकचा पंप हाय. मुलाम्याच्या कारखान्यानं मागिवला हुता, न्हेलाच न्हाई. कोरा हाय. पर फुटबॉल माज्याकडं पितळी हाय. त्यो तेवडा सांगलीत घ्या, प्लास्टिकचा. उंद्या सकाळी येतो मी."

आता आमच्याकडं मोटारीच्या नळीच्या तळाला, विहिरीच्या पाण्यात, जी एक झडप असते, जिच्यामुळं नळीतलं पाणी मागं पळत नाही, तिला फुटबॉल म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द काही का असेना, गावात कुणाही शेतकऱ्याला विचारा, तो फुटबॉलच म्हणणार. मी जन्मल्यापासून हाच शब्द ऐकलेला. मैदानावरचा फुटबॉल मला नंतर कळला.

मी लगेच रणजितला फोन केला. शनिवारी त्याला अर्धाच दिवस काम असे. "अहो, येताना एक फुटबॉल आणा. लहानच. पण प्लास्टिकचाच हवा बरं का. आणि आईंना आत्ताच काही सांगू नका."

 रणजित एकदम हळू आवाजात म्हणाला, "खरंच?"

"खरंच म्हणजे? लागणारच ना आता."

"आणतो," तो म्हणाला. त्याचा आवाज कापत होता. मला वाटलं, वडिलांच्या माशांचं किती मनाला लावून घेतलंय ह्यानं.

वळून बघते तो गच्चीच्या दारात आई. हातात वाळवणाचं सूप. त्यांनी सूप खाली ठेवलं, माझ्याकडं आपादमस्तक बघितलं आणि म्हणाल्या, "ऊन लागतंय गं. खाली चल. जिना सांभाळून उतर."

दुपारी रणजित आला तेव्हा त्याच्या एका काखेत लालभडक प्लास्टिकचा चेंडू होता आणि दुसऱ्या हातात पेढ्यांचा पुडा. मी चेंडूकडं बघितलं, त्याच्या तोंडाकडं बघितलं, आणि मला घाम फुटला.

"अहो, हे नव्हे. मला म्हणायचं होतं की..." मी तोंड उघडलं. त्यात आईंनी पेढा घातला.

"बोलू नकोस. नजर लागते."

"पण आई, ते..."

दुसरा पेढा. ह्या वेळी अण्णांकडून. माझ्या आयुष्यातल्या सर्वात महत्त्वाच्या खुलाशाची अशी पेढ्यांनी कोंडी केली. गिळेपर्यंत आईंनी बेत जाहीरसुद्धा केला. बाळाला वरचीच खोली, पूर्वेचं ऊन येतं. भिंतीला फिका पिवळा रंग. मासे तसेही उद्या चाललेतच.

मी अण्णांकडं बघितलं. ते हसत होते. अगदी मनापासून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "जाऊ देत," ते म्हणाले. "नातवंड येणार असेल तर समुद्र गेला तरी चालेल मला."

काल त्यांनी ती कडी पायरीवर ठेवली तेव्हा मला वाईट वाटलं होतं. आज ते आनंदानं समुद्र सोडत होते, आणि तोही माझ्या एका खोट्या चेंडूपायी. हे जास्त वाईट होतं. मी त्या संध्याकाळी तीनदा तोंड उघडलं. एकदा अण्णा शेजारी पेढे द्यायला गेले होते, एकदा रणजितनं माझ्या हातातली कळशी काढून घेतली, आणि एकदा आई माझ्यासाठी डिंक निवडत बसल्या होत्या आणि गुणगुणत होत्या. सात महिन्यांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं. 

रविवारी दहाच्या सुमाराला तात्यांची मोटारसायकल दाराशी आली. मागं पोत्यात बांधलेला पंप, तो त्यांनी थेट परसात आणून ठेवला. त्यांनी पायताण काढायच्या आधीच विचारलं, "फुटबॉल आनला का?"

आईंचा चेहरा फुलला. "आणलाय की! म्हणजे तुम्हालाही कळवलं वाटतं पोरीनं?"

"कळवलं म्हंजी? मीच तर आनाय सांगितला."

"तुम्ही?" आई जरा गोंधळल्या. रणजित आत जाऊन चेंडू घेऊन आला आणि मोठ्या अदबीनं सासऱ्यांच्या हातात दिला.

तात्यांनी तो फिरवून फिरवून बघितला. दाबला. कानाशी नेला. मग अत्यंत गंभीरपणे विचारलं, "ह्येला नळी कुटं जोडायची?"

मग मात्र मी डोळे मिटले आणि सगळं एका दमात सांगून टाकलं. फुटबॉल म्हणजे झडप. झडप पंपाची. पंप माशांसाठी. बाळ नाही. शिवणकामही येत नाही. मोटारी येतात, सातवीपासून. आणि आत्यानं सांगितलं म्हणून खोटं बोलले.

 रणजित कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला होता, चेंडूच्या रंगाचा. अण्णा एकदा माझ्याकडं, एकदा आईंकडं बघत होते. आईंनी तात्यांच्या हातातून चेंडू घेतला, पदरानं उगाचच पुसला आणि धुण्याच्या कट्ट्यावर ड्रमाशेजारी ठेवला.

"मग आता आज काय?" त्यांनी विचारलं. आवाज सपाट होता. "मासेवाला चारला येणार आहे."

"आज रविवार," तात्या म्हणाले. "दुकानं बंद. फुटबॉलबिगर पंप पानी उचलायचा न्हाई. हवा धरतो. न्हाईतर ड्रमाला खाली भोक पाडून..."

"माझ्या ड्रमाला भोक पाडायचं नाही," आई म्हणाल्या.

म्हणजे संपलंच. अण्णा म्हणाले, "असू दे हो, तात्या. एवढ्या लांबून आलात, जेवून जा." आणि ते वर जायला वळले. बहुधा माशांकडंच.

तेवढ्यात तो चेंडू कट्ट्यावरून घरंगळला. टप् करून खाली पडला आणि तात्यांनी जमिनीवर ठेवलेल्या पंपाला जाऊन टेकला.

मी चेंडूकडं बघितलं. मग वर, कट्ट्यावरच्या ड्रमाकडं. आणि कपाळावर हात मारला.

"तात्या, पाणी वर हाय!"

"आं?"

"पाणी वर हाय आणि पंप खाली! फुटबॉल लागतोय कशाला?"

तात्या ड्रमाकडं बघतच राहिले. मग ते असे हसले, असे हसले की त्यांना कट्ट्याचा आधार घ्यावा लागला. आमचा जन्म विहिरींवर गेला. विहिरीचं पाणी नेहमी खाली, मोटार नेहमी वर, आणि फुटबॉल नसेल तर पाणी मागं पळणार. पाणी मोटारीच्या वरती कट्ट्यावर ऐटीत बसलेलं असेल तर ते भोक न पाडता नुसत्या नळीनंही खाली मोटारीत येतं, हे आम्हा बापलेकीच्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्यालाच म्हणतात काखेत कळसा आणि गावाला वळसा.

मी पदर खोचला. "अहो, पंपाबरोबरची ही आखूड नळी ड्रमात सोडा. तळापर्यंत. अण्णा, तुम्ही वर जा, खिडकीतून परवाची लांब नळी आत घ्या आणि माशांच्या टाकीच्या कडेला बांधा. तुम्ही काही उचलायचं नाही, फक्त नळी. तात्या, हवेचा स्क्रू ढिला करा."

मी नवऱ्याला आणि सासऱ्यांना हुकूम सोडतेय, हे माझ्या फार नंतर लक्षात आलं. तेव्हा सगळे निमूट हलले. मी आखूड नळीचं खालचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. पहिल्यांदा हवा, मग एकदम घशापर्यंत समुद्र. आदल्या दिवशीचे सगळे पेढे फिटले. बोटानं टोक दाबून धरलं, पंपाच्या तोंडाला लावलं, पट्टी आवळली. स्क्रूपाशी बुडबुडे आले, मग पाणी आलं. स्क्रू बंद.

"लावा बटण!"

पंप गुरगुरला. पारदर्शक नळीत पाणी चढायला लागलं. कंबर. स्वयंपाकघराची खिडकी, तो गज.  पाण्यानं गजाकडं बघितलंसुद्धा नाही. छज्जा ओलांडून ते खिडकीत शिरलं.

"आलं!" वरून अण्णांचा आवाज. वर्गात शेवटच्या बाकावर ऐकू जावा म्हणून कमावलेला आवाज तो. "आलं! अगं आलं! समुद्र आला!"

रणजितनं आनंदाच्या भरात तात्यांना मिठी मारली. मी तोंडातलं खारं थुंकत होते आणि रडत होते की हसत होते, मला नक्की सांगता येणार नाही.

चारला कोल्हापूरचा माणूस आला. त्याला चहा मिळाला, मासे नाही मिळाले. जाताना तो पंपाचा फोटो काढून घेऊन गेला. आणि चेंडू त्या दिवसापासून ड्रमात राहिला. तो तरंगत तरंगत खुणेच्या पट्टीशी उतरला की पंप बंद करायचा, अशी अण्णांनी शास्त्रीय व्यवस्था लावली. दोन वर्षं त्यानं ती नोकरी इमानानं केली. मग ज्या कामासाठी तो खरं तर विकत आणला होता त्या कामाची मालकीण घरात आली, रांगायला लागली आणि एके दिवशी ड्रमाकडं बोट दाखवून तिनं तो मागून घेतला.

पण त्या रविवारी एवढं पुढचं कुणाला माहीत होतं? तात्या गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. आई पाठमोऱ्या बसून निवडलेला डिंक डब्यात भरत होत्या.

"आई," मी म्हणाले, "माझं चुकलं. कालच सांगायला हवं होतं."

"हं."

"आणि आधीही. बघायला आलात तेव्हाच."

"बघायला आलो तेव्हा," आई माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "तू पोहे घेऊन आलीस. बाहेर तुझा बाप कुणाची तरी मोटार चालवून बघत होता. माझ्या हातात बशी देता देता तू तोंडातल्या तोंडात म्हणालीस, 'बेअरिंग गेलंय.' पोह्यात मीठ घालायला विसरली होतीस, पण कान शाबूत होते. घरी येऊन मी ह्यांना सांगितलं, हीच करायची."

मी म्हणाले, "म्हणजे तुम्हाला..."

"सात महिने ती टाकीची मोटार माझं डोकं उठवतेय. रणजित चारदा म्हणाला मेकॅनिक आणतो. मी आणू दिला नाही. म्हटलं बघू तर, सूनबाई किती दिवस कान झाकून बसते." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "शिवणकाम येतं म्हणे! रणजितच्या शर्टाचं बटण लावलंस ते मी उसवून परत लावलंय."

मला हसू येत होतं. "आणि बाळाचं, आई... तुम्ही कालपासून एवढ्या..."

आई म्हणाल्या, "ते काय, येईल तेव्हा येईल. एक दिवस आजी झाले, ते काही कमी नाही." मग त्या उठल्या, शिवणाच्या मशीनचा खण उघडला आणि फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या हातावर ठेवलं. फडकं सोडलं तर आत दहा-अकराचा पाना होता. नवा कोरा, कारखान्यातलं तेलसुद्धा पुसलेलं नव्हतं. लग्नाच्या आधीपासून तो तिथं पडून होता.

"जा आता," आई म्हणाल्या. "उद्या सकाळी सहाला मला शांतपणे झोपायचंय."

मी परसात गेले, पदर खोचला आणि मोटार उघडली. बेअरिंगच गेलं होतं.